दिव्यांभोवतीचे खळे : मुलीच्या ऑर्थो-के लेन्सचे पहिले वर्ष

जून २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले असताना, वर्गशिक्षिकांनी मुलीच्या दैनंदिनीत एक ओळ लिहून पाठवली : ‘दुसऱ्या बाकावरून फळा वाचताना डोळे किलकिले करते, कृपया तपासून घ्यावेत.’ मुलीला घरी सगळे मनी म्हणतात. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि पाचवीत गेली होती. तिचा चष्मा आम्ही नऊच महिन्यांपूर्वी बदलला होता, त्यामुळे आमची पहिली शंका काचेवर चरे पडले असावेत अशी होती. काचा स्वच्छ होत्या. नंबर वाढला होता.

आठव्या वर्षी उणे १.२५, नवव्या वर्षी उणे २.०० आणि आता उजव्या डोळ्याचा उणे ३.०० व डाव्याचा उणे २.७५ असा हा प्रवास होता. माझा स्वतःचा नंबर उणे ७.५० आहे, त्यामुळे ही चढण कोठे जाते हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तोपर्यंत आम्ही दर वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्रावर नंबर काढून चष्मा करून घेत होतो, हे कबूल केले पाहिजे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी झाली ती पहिल्यांदा २९ जून रोजी, एका नेत्रचिकित्सालयात. तपासणीचे ७०० रुपये झाले आणि अडीच तास गेले. त्या दिवशी मुलांना वाचता येत नाही आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून ही तपासणी शनिवारी ठेवावी आणि सोबत टोपी न्यावी.

डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, अतिशय सौम्य प्रमाणातले ॲट्रोपिनचे थेंब रोज रात्री घालणे. यात चष्मा सुटत नाही. दुसरा, मध्यभागी नेहमीचा नंबर आणि भोवती सूक्ष्म भिंगांची वलये असलेला खास चष्मा. तिसरा, रात्री झोपताना घालायच्या आणि सकाळी काढून ठेवायच्या कडक लेन्स, म्हणजेच ऑर्थोकेराटॉलॉजी, ज्याला तेथे सगळे ऑर्थो-के म्हणतात. यांपैकी काहीही निवडले तरी रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणे सुटणार नाही, असेही त्यांनी बजावले. मनी शाळेच्या खो-खो संघात आहे. तिने दोन वर्षांत तीन चष्मे मोडले होते, आणि चष्मा काढून खेळली की पाठलाग करणारी मुलगी कोणत्या बाजूने येते हे तिला दिसत नसे. आम्ही तिसऱ्या मार्गाकडे वळलो त्याचे कारण एवढेच होते. तो सर्वांत चांगला मार्ग आहे असे डॉक्टर म्हणाले नव्हते आणि मीही म्हणत नाही.

६ जुलैला मापे घेतली गेली. त्याचे ३,२०० रुपये वेगळे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, रंगीत नकाशा काढला गेला, त्याचा व्यास मोजला, अश्रूंचे प्रमाण पाहिले आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी मोजली : उजवा २४.६१ मिलिमीटर, डावा २४.५५. ही शेवटची संख्या पुढच्या सगळ्या वर्षांची मोजपट्टी असते, कारण या लेन्स सुरू झाल्या की मुलाचा खरा नंबर किती उरला आहे हे लेन्स काही आठवडे बंद केल्याशिवाय कळतच नाही. लांबी मात्र कधीही मोजता येते. साधारण एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतो. आम्ही त्या कागदाची प्रत मागितली तेव्हा ‘फाइलमध्येच राहते’ असे उत्तर मिळाले. दोनदा विनंती केल्यावर छायाप्रत मिळाली. ती पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.

संमतिपत्र चार पानांचे आणि इंग्रजीत होते. यजमान सही करायला पेन काढून बसले होते. मी ते घरी घेऊन आले आणि दोन संध्याकाळी बसून वाचले. त्यातले महत्त्वाचे पान जंतुसंसर्गाचे. रात्रभर डोळ्यात लेन्स राहिली की पारपटलाला होणारा जंतुसंसर्ग हा खरा धोका आहे, आणि तो दृष्टीवर कायमचा व्रण ठेवू शकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांमधले हे प्रमाण दर १०,००० रुग्ण-वर्षांमागे १३.९ इतके आढळले होते. म्हणजे १०,००० मुलांनी वर्षभर लेन्स वापरल्या तर सुमारे १४ जणांना. हे प्रमाण थोडे की फार, याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले काढायचे आहे. आमच्या घरात त्यावर आठवडाभर चर्चा झाली. मनीच्या आजींचा विरोध होता (‘दिवसा काच नाकावर होती ती रात्री डोळ्यात घालायची, यात सुधारणा कोणती?’), आणि त्यांचा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. शेवटी ठरले ते असे की लेन्सला नळाचे पाणी एकदाही लागणार नाही, आणि डोळा लाल दिसला तर त्या रात्री लेन्स नाही. या दोन गोष्टी पाळण्याची जबाबदारी माझी, मुलीची नव्हे.

१३ जुलैला २५,००० रुपये आगाऊ भरून मागणी नोंदवली. एकूण किंमत ४४,००० रुपये होती आणि त्यात पहिल्या सहा महिन्यांच्या भेटी धरलेल्या होत्या. लेन्स प्रत्येक डोळ्याच्या मापानुसार घडवावी लागते, त्यामुळे ‘बारा ते पंधरा दिवस’ असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात २६ दिवस लागले. सोळाव्या दिवशी मी विचारणा केली तेव्हा लेन्स आल्याचे कळले, म्हणून आम्ही कोथरूडहून भर पावसात गेलो, तर उजवीच आली होती. डाव्या लेन्सच्या मागणीत एक आकडा लिहायचा राहिला होता आणि प्रयोगशाळेने विचारलेल्या खुलाशाला चिकित्सालयातून दहा दिवस कोणी उत्तर दिले नव्हते. चूक कोणाची हे शेवटपर्यंत स्पष्ट झाले नाही, आणि रिक्षाचे दीडशे रुपये पाण्यात, अगदी शब्दशः पाण्यात, गेले.

त्या दिवसांत मी जे वाचले त्याने पुढे बरीच मदत झाली. कडक लेन्सने पारपटलाला आकार देऊन नंबर उतरवण्याची कल्पना १९६० च्या दशकातली. अमेरिकेत जॉर्ज जेसन यांनी १९६२ मध्ये ती मांडली, पण तेव्हा लेन्स दिवसा घालत आणि परिणाम बेभरवशाचा असे. डोळ्याला प्राणवायू पोचू देणारे पदार्थ आणि मध्यभागी सपाट व कडेला अधिक वक्र अशी उलटी घडण, या दोन गोष्टी आल्यावर रात्रीचा वापर शक्य झाला, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये त्याला मान्यता दिली. लेन्स डोळा ‘दाबते’ ही माझी समजूत चुकीची होती. लेन्स आणि पारपटल यांच्यामध्ये अश्रूंचा पातळ थर असतो. त्या थरातल्या दाबांच्या फरकामुळे पारपटलाचे सर्वांत वरचे आवरण मध्यभागी पातळ आणि भोवती जाड होते. हे आवरण अवघे ५० मायक्रॉनच्या आसपास जाडीचे असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेन्स सोडली की ते पूर्ववत होते. म्हणूनच रोज घालावी लागते.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी. दुपारी दोन तास प्रशिक्षण झाले. हात साबणाने धुऊन धागे न सुटणाऱ्या रुमालाने पूर्ण कोरडे करायचे, लेन्सची वाटी थेंबांनी काठोकाठ भरायची, आरसा टेबलावर आडवा ठेवून मान खाली घालायची आणि लेन्स वर आणायची, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. उजवी लेन्स हिरवट, डावी निळसर, त्यामुळे अदलाबदल होत नाही. मनीने तिसऱ्या प्रयत्नात स्वतःच्या हाताने लेन्स घातली. मला तिच्या डोळ्यातली काढायला अकरा प्रयत्न लागले. सांभाळण्याचे द्रावण पेरॉक्साइडचे होते. ते डबीत सहा तास निवल्याशिवाय डोळ्याला लागता कामा नये, पण लेन्स सकाळी काढल्या जातात आणि रात्रीच लागतात, त्यामुळे ती अट आपोआप पाळली जाते. बेसिनच्या भोकावर झाकण बसवूनच लेन्स हाताळायची, ही सूचना आम्हाला हास्यास्पद वाटली होती. चौथ्या दिवशी लेन्स बेसिनमध्ये पडली आणि झाकणामुळेच वाचली.

पहिल्या रात्री कोणीच नीट झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, लेन्स डोळ्यातच ठेवून, आम्ही तपासणीला पोचलो. लेन्स काढल्यावर मनीला चष्म्याशिवाय तक्त्याची तिसरी ओळ वाचता आली, म्हणजे ६/२४ (निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून दिसते ते तिला ६ मीटरवरून). आदल्या दिवशी हा आकडा ६/६० होता. घरी परतताना खरी अडचण सुरू झाली. नेहमीचा चष्मा लावला की नंबर जास्त पडत होता, काढला की कमी. तेथल्या तरुण ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे दृष्टी तपासून लेन्स बसवणाऱ्या ताईने, विचारले, ‘तिचे जुने चष्मे ठेवले आहेत का?’ सुदैवाने आजींनी ते सगळे एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. आठव्या वर्षीचा उणे १.२५ चा लाल काड्यांचा चष्मा त्यातून निघाला. तो कानशिलांना आवळत होता, पण नंबर जुळत होता. पुढचे पाच दिवस मनी स्वतःच्याच जुन्या नंबरांच्या पायऱ्या उतरत होती. सहाव्या दिवशी तो लाल चष्माही डब्यात परत गेला. ऑर्थो-के सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की जुने चष्मे टाकू नका. नसतील तर या मधल्या दिवसांसाठी काय द्याल, हे चिकित्सालयाला आधी विचारा.

शाळेला मात्र हा बदल पटवावा लागला. आरोग्यपत्रकावर ‘चष्मा अनिवार्य’ असा शेरा होता, त्यामुळे चष्म्याविना आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी कार्यालयात बसवले गेले. डॉक्टरांच्या पत्रावर ‘लेन्स रात्री वापरते, दिवसा चष्म्याची गरज नाही’ असे लिहून, त्याखाली पालकांचा अर्ज जोडून, दोन प्रती दिल्यावर शेरा बदलला गेला. पत्रात आणखी एक वाक्य घालून घ्यावे : ‘पहिला महिना पुढच्या बाकावर बसवावे.’

१७ ऑगस्टच्या तपासणीत उजवा डोळा ६/६ आणि डावा ६/९ होता. आम्ही पेढे नेले होते. खो-खोच्या मैदानावर मनी आठवडाभर चष्म्याशिवाय पळत होती, आणि त्या आनंदात तिची एक तक्रार आम्ही ऐकली न ऐकल्यासारखी केली : ‘आई, फळ्यावरच्या अक्षरांना सावली आहे.’

७ सप्टेंबरला गणपती बसले. १२ तारखेच्या रात्री आम्ही मेट्रोने डेक्कन जिमखान्याला उतरलो आणि लकडी पूल ओलांडून लक्ष्मी रस्त्याने आरास पाहत निघालो. अलका चौकाच्या पुढे मनी माझा हात घट्ट धरून चालू लागली. गर्दीमुळे असेल असे मला वाटले. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘चंद्राला खळे पडते तसे सगळ्या दिव्यांना कसे काय पडले आहे?’ रोषणाईच्या माळा तिला एकमेकींत मिसळलेल्या दिसत होत्या, समोरून येणाऱ्या दुचाकीचा दिवा वाटीएवढा, आणि डाव्या डोळ्याने पाहिले तर प्रत्येक दिवा एका बाजूला ओघळल्यासारखा. आजी चेष्टेने म्हणाल्या, ‘मनी नाव ठेवले आणि हिलाच अंधारात दिसेना.’ त्यावर ती हसली, पण हात सोडला नाही. घरी आल्यावर मी तिला कागद आणि रंगीत खडू दिले आणि काय दिसले ते काढायला सांगितले. तिने एकाच दिव्याची दोन चित्रे काढली, ‘उजवा’ आणि ‘डावा’ अशी नावे घालून. उजव्यात दिव्याभोवती एक गोल कडे होते. डाव्यात कड्याची एक बाजू जाड आणि तिला शेपटी.

हे चित्र घेऊन आम्ही १४ तारखेला गेलो तेव्हा तपासनिसांनी तक्ता दाखवला, मनीने शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचले आणि ते म्हणाले, ‘६/६ आहे, मग तक्रार काय?’ त्यांचे एका अर्थी बरोबर होते. तक्त्यावर उजळ पांढऱ्यावर काळीभोर अक्षरे असतात आणि ती मनीला दिसतच होती. मला राग आला तो स्वतःचाही, कारण महिनाभर मीही तिला रोज ‘किती वाचता येते?’ एवढेच विचारत होते, ‘कसे दिसते?’ असे एकदाही विचारले नव्हते. त्या तरुण ऑप्टोमेट्रिस्टने मात्र चित्र हातात घेतले, खोलीतला उजेड कमी केला आणि फिकट राखाडी अक्षरांचा दुसरा तक्ता लावला. उजव्या डोळ्याच्या दोन ओळी कमी झाल्या, डाव्याच्या तीन.

नंतर त्या ऑप्टोमेट्रिस्टने नकाशाच्या छापील कागदामागे जे गणित मांडले ते मला सगळ्या वर्षातले सर्वांत उपयोगी ज्ञान वाटते. लेझर शस्त्रक्रियेसाठी मनर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेले एक सूत्र येथेही अदमासाला चालते : उतरवायचा नंबर गुणिले सपाट भागाच्या व्यासाचा वर्ग, भागिले ३, इतके मायक्रॉन आवरण पातळ व्हावे लागते. मनीच्या ३ नंबरासाठी ४ मिलिमीटरचा भाग सपाट करायचा तर १६ मायक्रॉन लागतात. ५ मिलिमीटरचा करायचा तर २५. मूळ आवरणच ५० मायक्रॉनचे असल्यामुळे हा भाग हवा तितका मोठा करता येत नाही. दिवसा बाहुली लहान असते आणि प्रकाश या सपाट भागातूनच आत जातो, म्हणून चित्र स्वच्छ. अंधार पडला की मुलांची बाहुली चांगलीच मोठी होते, मनीची ६.५ मिलिमीटर भरली होती, आणि कडेच्या जाड, अधिक वक्र भागातूनही प्रकाश आत येऊ लागतो. तो वेगळ्या ठिकाणी एकवटतो आणि दिव्याभोवती खळे उमटते. यालाच ते गोलीय विपथन म्हणतात. कडेकडून येणारा हाच प्रकाश डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग कमी करतो असे मानले जाते, त्यामुळे खळे हा संपूर्ण दोष म्हणून काढून टाकता येत नाही. औषधाच्या कडवटपणासारखे ते काही अंशी राहणारच.

शेपटी मात्र दोष होती. डाव्या डोळ्याच्या नकाशात सपाट भाग मध्यावर नसून वर सरकलेला होता आणि खालच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी लाल कमान उमटली होती. लेन्स झोपेत वर चढून बसते याची ती खूण. सपाट भाग मध्यावर नसला की दिव्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते आणि अक्षराला सावली पडते. मनीच्या चित्रातली जाड बाजू आणि नकाशातली कमान शेजारी ठेवून ऑप्टोमेट्रिस्टने आम्हाला दाखवली. तिने त्या चित्राची छायाप्रत फाइलला लावली, आणि मनीला ‘ताईंनी माझे चित्र टाचले’ याचे इतके अप्रूप वाटले की पुढच्या प्रत्येक भेटीआधी ती स्वतःहून दिवे काढू लागली.

डावी लेन्स बदलून मिळाली. तीन महिन्यांच्या आत बदल झाला तर किंमत पडत नाही, फक्त पाठवणावळीचे ६०० रुपये, असे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले होते. काउंटरवर मात्र आधी ‘अर्धी किंमत’ सांगितली गेली. पावती सोबत होती म्हणून वाद मिटला. १९ दिवसांनी नवी लेन्स आली आणि २६ ऑक्टोबरच्या तपासणीत डावा डोळाही ६/६ झाला. फिकट अक्षरांच्या तक्त्यावर दोन्ही डोळे सारखे आले. दिवाळीतल्या आकाशकंदिलांना खळी होती, पण शेपट्या नव्हत्या.

त्या सुमारास मी आणखी एक गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे संध्याकाळची तपासणी. सगळ्या भेटी सकाळी लेन्स काढल्याबरोबर होत होत्या, आणि तेव्हाची दृष्टी दिवसातली सर्वोत्तम असते. आवरण दिवसभरात हळूहळू मूळ आकाराकडे परतत असते. सकाळी सातला लेन्स काढून संध्याकाळी सातला तपासले तेव्हा मनीच्या उजव्या डोळ्यात उणे ०.५० नंबर परतलेला आढळला. संध्याकाळच्या शिकवणीत तिला फळा पुसट का वाटतो याचे उत्तर तेथे मिळाले. उपाय लेन्समध्ये नव्हता, झोपेत होता. सकाळची शाळा, पावणेसहाचे उठणे आणि दहाचे झोपणे यात लेन्सला जेमतेम साडेसात तास मिळत होते. हवे होते आठ ते नऊ. त्यामुळे घरातले दिवे नऊ वाजता मालवू लागले आणि आजींनी साडेनऊची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपणात पाहण्याची तडजोड केली. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोठा त्याग तोच आहे.

नोव्हेंबरमध्ये एक भीतीचा दिवस आला. घाईच्या सकाळी उजवी लेन्स डोळ्याला चिकटून बसली होती आणि मनीने ती हलण्याची वाट न पाहता रबरी चोषणीने ओढून काढली. शाळेतून परतली तेव्हा डोळा लाल होता, पाणी येत होते आणि उजेड सहन होत नव्हता. आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. पारपटलावर ओरखडा होता, संसर्ग नव्हता. प्रतिजैविकाचे थेंब आणि पाच दिवस लेन्स बंद. नंबर परत येऊ लागला आणि नेमकी त्याच आठवड्यात घटक चाचणी होती. तिसऱ्या दिवशी लाल काड्यांचा चष्मा पुन्हा डब्यातून निघाला, पाचव्या दिवशी उणे २.०० चा. तेव्हापासून सकाळचा नियम असा : आधी दोन थेंब, मग पाच मिनिटे थांबणे, खालच्या पापणीच्या कडेने हलका दाब देऊन लेन्स सरकते आहे हे आरशात पाहणे, आणि मगच काढणे. गजर दहा मिनिटे अलीकडे आला.

खर्चाचा हिशेब ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी : पहिली तपासणी आणि मापे ३,९००, लेन्स ४४,०००, पाठवणावळ ६००, द्रावण व थेंब दरमहा सुमारे १,१०० आणि सहा महिन्यांनंतरच्या चार भेटींचे २,०००, वर्षाचे सगळे मिळून ६४,००० रुपयांच्या आसपास. आरोग्य विम्याचा अर्ज आम्ही सर्व पावत्या जोडून केला होता. पाच आठवड्यांनी एका ओळीत नकार आला, कारण चष्मा आणि लेन्स आमच्या पॉलिसीत बसत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी पॉलिसीतले ते कलम वाचले असते तर ४२ पानांच्या छायाप्रती वाचल्या असत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये वर्ष पूर्ण झाल्यावर लांबी मोजली : उजवा २४.७४, डावा २४.६९. वाढ दोन्हीकडे साधारण ०.१४ मिलिमीटर. मी आनंदाने डॉक्टरांकडे पाहिले, तर त्यांनी मला शांतपणे जमिनीवर आणले. एका मुलीच्या एका वर्षावरून लेन्स नसत्या तर काय झाले असते हे सांगता येत नाही. वय वाढते तसा वाढीचा वेग आपोआपही मंदावतो. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत चष्मा लावणाऱ्यांची लांबी सरासरी ०.६३ मिलिमीटरने आणि रात्रीच्या लेन्स घालणाऱ्यांची ०.३६ ने वाढली होती. म्हणजे वाढ मंदावली, थांबली नाही. लेन्स लहान वयात सोडल्या तर वेग पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे किमान चौदाव्या वर्षापर्यंत आमची सोबत धरून चला, असेही ते म्हणाले. हे सुरुवातीलाच कळले असते तर आम्ही खर्चाचा विचार चार वर्षांचा केला असता, एका वर्षाचा नव्हे.

त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले आणि चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा लकडी पुलावरून चालत गेलो. मनी आमच्या पुढे होती. घरी आल्यावर तिने चित्र काढले : दोन्ही डोळ्यांना खळे आहे, गेल्या वर्षीपेक्षा बारीक, डाव्याचे अजून किंचित जाड. खळे खरोखर बारीक झाले की तिला त्याची सवय झाली, असे मी ताईंना विचारले. ‘नकाशा तसाच आहे, बहुधा सवय,’ त्या म्हणाल्या, आणि हे चित्रही फाइलला लावले. दुसऱ्या वर्षाच्या लेन्सची मागणी २० सप्टेंबरला नोंदवली. या वेळी आगाऊ रक्कम भरण्याआधी मी मागणीपत्रातला प्रत्येक रकाना भरलेला आहे का ते बोट ठेवून पाहिले, आणि पहिल्या महिन्यातली एक तपासणी संध्याकाळी सातची लिहून घेतली.